अडत उतरली, भाव उतरला नाही

पडद्यावरचा बाजार : तापीकर

बऱ्हाणपुरात कॉम्प्युटरवर गेम खेळणारी जी पोरं माझ्या ओळखीची आहेत, त्यांचा गुरुवार ठरलेला असतो. उन्हाळ्यात रात्री साडेआठ, थंडीत साडेनऊ. तिकडे अमेरिकेत घड्याळं पुढे-मागे होतात, म्हणून हा तासाचा फरक. त्या वेळेला एपिक गेम्स स्टोअरमधला फुकटचा गेम बदलतो आणि ही पोरं लॉगिन करून तो आपल्या नावावर करून ठेवतात. डाउनलोडची घाई कोणालाच नसते. ऐंशी-शंभर जीबीचा गेम दिवसाला दोन जीबीच्या मोबाइल डेटावर उतरणार कधी? शनवाऱ्याजवळ राहणारा, दिवसा पॉवरलूमचे हिशेब बघणारा एक मुलगा मला त्याची लायब्ररी दाखवत होता. एपिकवर दोनशेच्या वर गेम, आणि त्यात पैसे मोजून घेतलेला एकही नाही. विकत घेतलेले सगळे स्टीमवर. असं का, म्हणून विचारलं तेव्हा त्याने दोन्ही दुकानांत तोच गेम उघडून खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. "बघा ना काका, भाव तर सारखाच. मग दोस्त जिथे आहेत तिथेच घेणार ना."

भाव सारखा आहे हे खरं. पण या दोन दुकानांची अडत सारखी नाही. गेम बनवणाऱ्याच्या विक्रीतून स्टीम 30 टक्के कापून घेतं आणि एपिक 12 टक्के. एवढा फरक असताना गिऱ्हाइकाला एक रुपयाही कमी द्यावा लागत नसेल, तर या दोघांच्या स्पर्धेतून त्या मुलाला मिळालं काय?

स्टीम सुरू झालं 12 सप्टेंबर 2003 रोजी. खंडव्यापासून वेगळा होऊन आपला बऱ्हाणपूर जिल्हा झाला त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. पुढच्या वर्षी 'हाफ-लाइफ 2' आला आणि डिस्क विकत घेतली तरी स्टीमचं खातं उघडल्याशिवाय गेम चालेना. आमच्याकडे त्याचं कोणाला काही वाटलं नाही, कारण अस्सल डिस्क कोणी पाहिलीच नव्हती. सायबर कॅफेत लॅन जोडून काउंटर-स्ट्राइक चालायचं, आणि घरी कॉपी केलेल्या सीड्या फिरायच्या. विकत घ्यायचं मनात आलं तरी भाव डॉलरमध्ये, आणि परदेशात चालणारं कार्ड घरात नाही. 2015 च्या नोव्हेंबरात स्टीमने रुपयांत भाव लावले, मग यूपीआय आलं, सेलमध्ये गेम दोन-तीनशे रुपयांना मिळू लागले. माझं ठाम मत आहे की आपल्याकडची कॉपी मारायची सवय जेवढी या रुपयातल्या भावाने मोडली, तेवढी कोणत्या कायद्याने मोडली नाही. स्टीमचं हे देणं मी मानतो.

मग 6 डिसेंबर 2018 रोजी एपिक बाजारात उतरलं, 12 टक्क्यांची पाटी लावून. त्याच्या आदल्याच आठवड्यात स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने आपले दर बदलले होते. एखाद्या गेमची विक्री 1 कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवर 25 टक्के, 5 कोटी डॉलरच्या वर गेली की 20 टक्के. म्हणजे सवलत मिळाली ती मोठ्यांना. पाच-दहा माणसांच्या स्टुडिओला 30 चे 30 च राहिले. ज्याचा माल जास्त त्याची अडत कमी, हा न्याय मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. 2021 च्या ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टनेही आपल्या दुकानात पीसी गेमसाठी 12 टक्के केले. 2025 च्या जूनपासून एपिकने तर दर गेममागे वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलरच्या विक्रीवर काहीच घ्यायचं नाही असं ठरवलं.

केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला अडत म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पलीकडे महाराष्ट्रात 2016 च्या जुलैत सरकारने फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. इतकी ती कळीची गोष्ट आहे. गेमच्या बाजारातही तसाच हिशेब मांडून बघू. 500 रुपयांचा गेम स्टीमवर विकला तर बनवणाऱ्याच्या हाती पडतात 350. तोच गेम त्याने एपिकवर 400 ला लावला, तर 12 टक्के जाऊन त्याला मिळतात 352. गिऱ्हाइकाचे 100 रुपये वाचतात, बनवणाऱ्याला 2 रुपये जास्त मिळतात. दोघांचंही भलं. तरी असा भाव आपल्याला जवळजवळ कुठेच दिसत नाही.

एकदा दिसला होता. 2019 च्या जानेवारीत 'मेट्रो एक्सोडस' हा गाजलेला गेम प्रकाशकाने स्टीमवरून काढून एपिकवर नेला आणि अमेरिकेत त्याची किंमत 60 डॉलरवरून 50 वर आणली. दहा डॉलर सरळ गिऱ्हाइकाच्या खिशात. पण तो गेम त्यानंतर वर्षभर स्टीमवर विकलाच गेला नाही. खेळणारे भडकले, त्या मालिकेच्या जुन्या गेमना स्टीमवर शेकड्यांनी वाईट शेरे दिले. त्यांचा राग मी समजू शकतो. आवडीच्या दुकानातून माल उचलून दुसरीकडे नेला की कोणालाही चीड येते. एपिकने पुढेही पैसे देऊन गेम आपल्याकडे बांधून घेण्याचा जो धडाका लावला, त्याने त्याचंच नाव खराब झालं. तरीही त्या गदारोळात किंमत उतरल्याची गोष्ट मागे पडली याचं मला वाईट वाटतं. दोन्ही दुकानांत एकाच वेळी माल ठेवून एका ठिकाणी स्वस्त विकला असता तर कोणाची तक्रार राहिली असती?

तसं का होत नाही, याचं एक उत्तर अमेरिकेतल्या कोर्टात मांडलं गेलं आहे. 2021 मध्ये वुल्फायर गेम्स या छोट्या स्टुडिओने व्हॉल्व्हवर दावा लावला. त्याचा मालक डेव्हिड रोझेन याचं म्हणणं असं, की आपला 'ओव्हरग्रोथ' हा गेम दुसऱ्या ठिकाणी कमी भावात विकला तर तो स्टीमवरून काढला जाईल, असं त्याला सांगण्यात आलं. व्हॉल्व्हच्या छापील नियमात भावाची अट आहे ती स्टीमच्या 'की', म्हणजे गेम स्टीमवर उघडायचे कोड, बाहेर विकण्यापुरती. ती अट स्टीमशी संबंध नसलेल्या प्रतींनाही लावली जाते, असा हा आरोप आहे. व्हॉल्व्हने तो नाकारला. पण 2024 च्या नोव्हेंबरात कोर्टाने हा दावा इतर गेम बनवणाऱ्यांच्याही वतीने चालवायला परवानगी दिली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ग्राहकांच्या बाजूने 65.6 कोटी पौंडांचा दावा दाखल झाला, त्यातही भाव बांधून ठेवल्याचीच तक्रार आहे.

आणि समजा असं कोणी बजावलंच नाही, तरी छोटा स्टुडिओ धजावेल का? 2025 च्या मार्चमध्ये स्टीमवर एकाच वेळी 4 कोटींहून जास्त लोक हजर होते. दुसरीकडे शंभर रुपये कमी लावल्याने या दुकानात आपला गेम मागच्या फळीवर गेला तर, ही धास्ती पुरेशी आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' आठवून बघा. 2017 मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी मंडळी चिकाटीने लागून राहिली. 2020 च्या ऑगस्टमध्ये गेम आधी निन्टेंडोच्या स्विचवर आला, ऑक्टोबरात पीसीवर, आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमच्या अंतिम यादीत त्याचं नाव लागलं. राजस्थानी महालांच्या भिंती, हिंदू आणि बाली चित्रशैली, कठपुतळीच्या सावल्यांसारखे प्रसंग, असं काम उभं करायला माणसं लागतात आणि त्यांना दर महिन्याला पगार लागतो. 30 आणि 12 यांतले 18 टक्के अशा स्टुडिओत दोन-तीन माणसांची नोकरी टिकवू शकतात. त्यांनी बलाढ्य दुकानाशी भांडण उकरून काढावं अशी अपेक्षा मी करणार नाही.

स्टीम चांगलं दुकान आहे, हे मी पुन्हा सांगतो. घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. जुन्या लॅपटॉपवर गेम चालेल की अडेल हे घेतल्याशिवाय कळत नाही, अशा आपल्या गावात ही सोय लाखमोलाची आहे. पण ती कशी आली तेही लक्षात ठेवावं. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने 2014 मध्ये व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं, 2015 च्या जूनमध्ये स्टीमने सगळीकडे रीफंड सुरू केला आणि 2016 मध्ये त्या कोर्टाने 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. हा क्रम मला निव्वळ योगायोग वाटत नाही. एका देशाच्या आयोगाने नेट लावला, आणि त्याचा फायदा शनवाऱ्यापर्यंत पोचला.

जाता जाता पोलंडची एक गोष्ट. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये सतराव्या शतकात बऱ्हाणपुरात आला होता. इथलं तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जातं, असं त्याने लिहून ठेवलं. त्याच पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 2008 मध्ये जीओजी हे गेमचं दुकान काढलं. तिथे घेतलेल्या गेमची फाइल तुम्ही आपल्या हार्ड डिस्कवर ठेवू शकता. दुकान बंद पडलं तरी गेम तुमच्याकडे राहतो. स्टीमवर तसं नाही. 2024 पासून पैसे भरण्याआधी स्टीमच स्पष्ट सांगतं, की तुम्ही गेम नाही, तो वापरायचा परवाना घेत आहात. लायब्ररी एका दुकानात अडकली की गिऱ्हाईक हलत नाही, आणि भाव सारखाच असेल तर त्याने हलावं तरी कशासाठी? म्हणून मला वाटतं, फुकटच्या गेमनी ही कोंडी फुटणार नाही. भाव मोकळा झाला तरच फुटेल.

मोबाइलवर हेच दुसऱ्या रूपात दिसतं, आणि बऱ्हाणपुरात पीसीपेक्षा मोबाइलवर खेळणारे कितीतरी जास्त. 25 ऑक्टोबर 2022 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला प्ले स्टोअरच्या पेमेंटच्या सक्तीबद्दल 936.44 कोटींचा दंड केला. 2025 च्या मार्चमध्ये अपिलात तो 216.69 कोटींवर आला. दुसऱ्याचं पेमेंट वापरायची मुभा मिळाली, पण तसं केलं तरी 15 च्या जागी 11 आणि 30 च्या जागी 26 टक्के गुगलला द्यायचेच. दुसरं दुकान कोणी काढायचं? फोनपेने 2024 च्या 21 फेब्रुवारीला इंडस अ‍ॅपस्टोअर काढलं, मराठीसह 12 भारतीय भाषांत. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. स्टीम तीसच्या आसपास भाषांत उघडतं, त्यांत हिंदीही नाही अन् मराठीही नाही.

आता मुद्द्याचं. भाव बांधून ठेवायची अट आपल्या आयोगाला नवी नाही. 19 ऑक्टोबर 2022 रोजी त्याने मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटी आणि ओयोला 168.88 कोटी दंड केला. मेकमायट्रिपबद्दलची तक्रार हॉटेलवाल्यांची होती : आमच्याकडे खोली ज्या भावाने लावता, त्याहून कमी भावाने दुसऱ्या साइटवर किंवा स्वतःच्या साइटवर लावायची नाही, अशी अट करारात होती. आयोगाने ती स्पर्धेला मारक ठरवून करारातून काढायला लावली. गेमच्या दुकानाबद्दल अमेरिकेत जो आरोप आहे, त्यात आणि यात मला तत्त्वाचा काही फरक दिसत नाही.

2024 च्या मार्चमध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला, तेव्हा मला आशा वाटली होती. पण त्यातले उंबरठे बघितले : भारतात 4,000 कोटींची उलाढाल, किंवा जगभरात 30 अब्ज डॉलरची, किंवा 75 अब्ज डॉलरचं बाजारमूल्य, आणि जोडीला 1 कोटी वापरणारे. गुगल, अ‍ॅपल त्यात सहज येतील. शेअर बाजारात नसलेली, गेमपुरती मर्यादित असलेली व्हॉल्व्ह येईल असं मला वाटत नाही. तेव्हा त्या विधेयकाची वाट बघण्यात अर्थ नाही. 2002 च्या स्पर्धा कायद्याचं कलम 19 आजही हाताशी आहे. त्याखाली कोणीही व्यक्ती, ग्राहक किंवा ग्राहकांची संघटना आयोगाकडे माहिती दाखल करू शकते. स्टुडिओ पुढे येणार नाहीत, त्यांचं पोट त्याच दुकानावर आहे. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात सुरू केलेली ग्राहक पंचायत मात्र येऊ शकते. मध्य प्रदेश-महाराष्ट्रातल्या तिच्या कार्यकर्त्यांनी एका संध्याकाळी गेम खेळणाऱ्या चार पोरांना बोलवावं, दोन दुकानांतले भाव शेजारी शेजारी लावून बघावेत, आणि मेकमायट्रिपचा निकाल सोबत जोडून अर्ज दिल्लीला पाठवावा. कागदपत्रं जमवायला मी स्वतः मदत करायला तयार आहे.