४८ लाखांचं पॅकेज, महिनाअखेर शिल्लक ९० युरो : जर्मनीत एका पगारावर घर कसं चालतं?

मुलाला जर्मनीत नोकरी लागली, वर्षाला ४८,३०० युरो. घरात पहिलं काम काय होतं? कोणीतरी मोबाइलवर कॅलक्युलेटर उघडतं. एक युरो म्हणजे साधारण १०० रुपये, म्हणजे ४८ लाख. संध्याकाळपर्यंत हा आकडा फॅमिली ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर पोहोचतो. पुण्यात दोघांचे मिळून २५ लाख येत होते, आता एकट्याचे ४८ येणार, मग बायकोने नोकरी सोडली तरी काय बिघडतं, असं सगळ्यांचं मत पडतं.

मोठी चूक इथेच होते. गुणाकार बरोबर असतो, पण खर्च रुपयांत होणार नसतो.

४८,३०० हा आकडा उगाच घेतलेला नाही. २०२५ मध्ये जर्मनीच्या ईयू ब्लू कार्डसाठी लागणारा हा किमान वार्षिक पगार होता. आयटीसारख्या मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांसाठी तो आणखी कमी, ४३,७५९.८० युरो होता. म्हणजे भारतातून जाणाऱ्या अनेकांची सुरुवात याच्या आसपास होते. या पगारात नवरा, बायको आणि चार वर्षांची मुलगी यांचं घर चालेल का, ते २०२५ च्या दरांनी पाहूया.

हातात नेमके किती येतात?

४८,३०० भागिले १२, म्हणजे महिन्याला ४,०२५ युरो. जर्मनीत याला ‘ब्रुटो’ म्हणतात. कपाती होऊन हातात येतो तो ‘नेटो’.

पहिली कपात सामाजिक विम्याची. कर्मचाऱ्याच्या वाट्याला पेन्शनचे ९.३ टक्के, बेरोजगारी विम्याचे १.३ टक्के, आरोग्य विम्याचे सरासरी ८.५५ टक्के आणि म्हातारपणी लागणाऱ्या देखभालीच्या विम्याचे १.८ टक्के येतात. एक मूल असलेल्या पालकासाठी हे सगळे मिळून सुमारे २१ टक्के, म्हणजे जवळपास ८४३ युरो होतात.

दुसरी कपात इन्कम टॅक्सची. ती किती असेल हे पगाराइतकंच तुमच्या ‘टॅक्स क्लास’वरही अवलंबून असतं.

बायको भारतात की जर्मनीत? फरक ३२० युरोंचा

जर्मनी विवाहित जोडप्याचा कर एकत्र मोजू शकते. दोघांचं उत्पन्न एकत्र करायचं, त्याचे दोन समान भाग करायचे, एका भागावर कर काढायचा आणि तो दुप्पट करायचा. एकच कमावता असेल तर याचा फायदा सगळ्यात जास्त होतो, कारण न कमावणाऱ्या जोडीदाराची करमुक्त मर्यादाही वापरली जाते. २०२५ मध्ये ही मर्यादा माणशी १२,०९६ युरो होती. जोडप्यासाठी ती २४,१९२ होते.

दर महिन्याच्या पगारात हा फायदा हवा असेल तर कमावत्याने टॅक्स क्लास ३ आणि जोडीदाराने क्लास ५ घ्यावा लागतो. आपल्या उदाहरणात क्लास ३ मध्ये महिन्याला सुमारे २२५ युरो कर बसतो. क्लास १ किंवा ४ मध्ये तोच सुमारे ५५० युरो होतो. पगार तोच, फरक महिन्याला ३२० युरोंहून जास्त.

अट अशी की जोडीदार जर्मनीत राहायला हवा. बायको-मुलगी पुण्यात असतील तर लग्न झालेलं असूनही तुम्ही क्लास १ मध्येच राहता. आणि कुटुंब आल्यावर क्लास ३ आपोआप मिळत नाही. पत्ता नोंदवल्यावर, ज्याला तिथे ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, जोडप्याला साधारणपणे ४-४ मिळतो. ३-५ साठी कर कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो.

अर्ज करायला उशीर झाला तर पैसे बुडत नाहीत. वर्षाअखेरीचं रिटर्न दोघांनी एकत्र भरलं की जास्त कापलेला कर परत मिळतो. कुटुंब वर्षाच्या मधे आलं असलं तरी त्या पूर्ण वर्षासाठी एकत्र रिटर्न भरता येतं. मात्र बायकोने त्या वर्षी भारतात कमावलेला पगार दाखवावा लागतो आणि त्यामुळे कराचा दर थोडा वाढू शकतो.

थोडक्यात, क्लास ३ असेल तर हातात सुमारे २,९५० युरो येतात.

आणखी दोन गोष्टी कुटुंबाच्या बाजूने

पहिली, आरोग्य विमा. सरकारी पद्धतीच्या विम्यात न कमावणारी पत्नी किंवा पती आणि मुलं एकाच हप्त्यात, जादा पैसे न देता येतात. खासगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता वेगळा असतो. जास्त पगारावर एकट्याने येणाऱ्या तरुणाला खासगी विमा स्वस्त वाटतो, पण कुटुंब आल्यावर हिशोब उलटतो आणि परत सरकारी विम्यात येणं सोपं नसतं. आणि भारतातले आई-वडील या कौटुंबिक विम्यात येत नाहीत. त्यांच्या मेडिक्लेमचा हप्ता वेगळा धरावा लागतो.

दुसरी, ‘किंडरगेल्ड’. प्रत्येक मुलामागे सरकार महिन्याला पैसे देतं. २०२५ मध्ये ही रक्कम २५५ युरो होती, २०२६ पासून २५९ झाली. ब्लू कार्डवर आलेल्या कुटुंबालाही ती मिळते, पण अर्ज करावा लागतो. मागची थकबाकी जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच मिळते. वर्षभराने जाग आली तर आधीचे महिने गेले.

२,९५० अधिक २५५, म्हणजे घरात येणार ३,२०५ युरो.

महिन्याचा हिशोब

जर्मनीत घरभाड्याचे दोन आकडे असतात. ‘काल्टमीट’ म्हणजे नुसतं भाडं. ‘वार्ममीट’ म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. विजेचं बिल बहुतेक वेळा त्याहूनही वेगळं असतं. जाहिरातीतला काल्टमीटचा आकडा पाहून बजेट केलं की पहिल्याच महिन्यात फटका बसतो.

खालचे आकडे श्टुटगार्टसारख्या महाग शहराच्या परिसरात बेताने राहणाऱ्या तिघांसाठी धरलेलं उदाहरण आहे. म्युनिकमध्ये भाडं वाढेल, लाइपझिगमध्ये बरंच कमी होईल.

- वार्ममीट : १,४५० युरो
- वीज, इंटरनेट आणि प्रत्येक घराला भरावं लागणारं १८.३६ युरोंचं रेडिओ-टीव्ही शुल्क : १४०
- किराणा, भाजी, दूध आणि घरातल्या वस्तू : ६००
- दोघांचे डॉइचलांड टिकेट, प्रत्येकी ५८ : ११६
- मुलीचं पाळणाघर-बालवाडी, म्हणजे ‘किटा’ : २००
- मोबाइल आणि छोटे विमे : ६०
- कपडे, औषधं, एखादं बाहेरचं जेवण : २००

एकूण २,७६६ युरो. शिल्लक ४३९.

आता यात पुण्यातला फ्लॅट आणा. गृहकर्जाचा हप्ता ३५,००० रुपये असेल तर ३५० युरो गेले. उरले ८९. भारतात यायची तिकिटं, हिवाळी जॅकेट, फ्रिज बिघडणं आणि आई-वडिलांना पाठवायचे पैसे अजून धरलेलेच नाहीत.

याच घरात टॅक्स क्लास बदलायचा राहिला असता, तर दर महिन्याला २३० युरोंहून जास्त खड्डा पडला असता.

पहिले काही महिने सगळ्यात अवघड

भाड्याच्या घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटइतकं घेता येतं. १,१५० युरो काल्टमीट धरली तर ३,४५० युरो झाले. ही रक्कम तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे, हे अनेकांना माहीत नसतं. शिवाय बरीच घरं स्वयंपाकघराशिवाय भाड्याने मिळतात. ओटा, सिंक, शेगडी, सगळं आपण आणायचं किंवा आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायचं.

दुसरा धोका नोकरीचा. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. बेरोजगारी भत्ता मुलं असलेल्यांना नेटो पगाराच्या ६७ टक्के मिळतो, पण त्यासाठी मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने हप्ते भरलेले हवेत. म्हणजे नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी हा आधार नसतो. त्यात राहण्याचा परवानाही नोकरीशी जोडलेला.

म्हणूनच कुटुंब कधी आणायचं हा प्रश्न पैशांचाही आहे. लवकर आणलं तर क्लास ३ आणि किंडरगेल्ड लवकर सुरू होतं, पण नोकरी गेली तर तिघांचा संसार हलवावा लागतो. प्रोबेशन संपेपर्यंत थांबलं तर दोन घरं चालवावी लागतात, पण जोखीम कमी होते. निदान तीन महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर थांबणं जास्त शहाणपणाचं ठरतं.

दुसरा पगार का येत नाही?

कायद्याची अडचण नाही. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं आणि व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षाही लागत नाही.

अडचण रोजच्या आयुष्यात येते. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला किटामध्ये जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण प्रत्यक्षात अनेक शहरांत वेटिंग असतं. जागा नाही म्हणून भाषेचा क्लास नाही, भाषा नाही म्हणून नोकरी नाही, असं हे चक्र फिरतं. घरी थांबणारी व्यक्ती बहुतेक वेळा बायकोच असते.

इथे क्लास ३-५ ची दुसरी बाजू दिसते. तिला नोकरी लागली आणि क्लास ५ तसाच राहिला, तर तिच्या पगारातून कर खूप जास्त कापला जातो. पगाराची स्लिप पाहून “एवढ्यासाठी कशाला धावपळ” असं घरात ठरतं. वास्तविक वर्षाचा एकूण कर दोघांचा मिळून ठरतो. महिन्याची कपात फक्त कोणाच्या खात्यातून किती जाणार हे ठरवते. पण बेरोजगारी भत्ता आणि बाळंतपणानंतरचा पालक भत्ता नेटो पगारावर मोजला जातो. क्लास ५ मुळे नेटो कमी दिसला की तिचे भत्तेही कमी होतात. म्हणून तिला काम मिळताच ४-४ वर जायचं का, हे पाहायला हवं.

सुरुवात ‘मिनीजॉब’ने करता येते. २०२५ मध्ये त्याची मर्यादा महिन्याला ५५६ युरो होती. या मर्यादेत कमावूनही कौटुंबिक आरोग्य विमा चालू राहतो. ज्या घरात शिल्लक ८९ युरो आहे, तिथे हे ५५६ युरो फार मोठे आहेत. पण पूर्ण नोकरीतून मिळणारी पेन्शन आणि अनुभव त्यातून मिळत नाही, त्यामुळे तिथेच थांबलं तर पुण्यात सोडलेलं करिअर परत उभं राहत नाही.

हे सगळ्यांना लागू आहे का?

नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि सुरुवातीला १०,००० जणांचं उद्दिष्ट ठेवलं. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचं जाहीर केलं. नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा कामांवर जाणाऱ्या सगळ्यांना ब्लू कार्ड मिळत नाही आणि पगारही बऱ्याचदा त्याहून कमी असतो. अशा कुटुंबात जोडीदाराला सहसा जर्मनची ए-१ पातळीची परीक्षा द्यावी लागते आणि पगार कुटुंबाला पुरेसा आहे हेही दाखवावं लागतं.

देश बदलला की गणितही बदलतं. ब्रिटन कर माणशी मोजतं. न कमावणाऱ्या जोडीदाराच्या करमुक्त मर्यादेतले फक्त १,२६० पौंड दुसऱ्याला देता येतात. कामाच्या व्हिसावरच्या कुटुंबाला बाल भत्ता मिळत नाही, उलट आरोग्य अधिभार प्रौढासाठी वर्षाला १,०३५ आणि मुलासाठी ७७६ पौंड, तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा आधीच भरावा लागतो. अमेरिकेत एच-१बी धारकांच्या बहुतेक जोडीदारांना सुरुवातीची काही वर्षं कामच करता येत नाही. त्यामुळे लंडनच्या मामेभावाचं बजेट श्टुटगार्टमध्ये उपयोगाचं नाही.

ऑफर स्वीकारण्याआधी काय विचारायचं?

कंपनीला विचारा : प्रोबेशन किती महिन्यांचं आहे? स्थलांतराचा खर्च आणि सुरुवातीच्या घराचं भाडं कंपनी देणार का? घर ज्या शहरात घेणार, तिथल्या नगरपालिकेच्या साइटवर किटाची फी आणि नोंदणीची पद्धत पाहा. काही ठिकाणी, उदाहरणार्थ बर्लिनमध्ये, किटाला जेवणासारखे किरकोळ खर्च सोडले तर फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ती गावागणिक बदलते.

भारतातला हिशोब युरोत मांडा : गृहकर्ज, आई-वडिलांचा विमा, चालू एसआयपी. परदेशी राहायला गेल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, तेही यादीत टाका.

आणि पाहा, की २०२६ साठी ब्लू कार्डची मर्यादा ५०,७०० युरो झाली आहे, टिकेटही ५८ वरून ६३ युरोंवर गेलं आहे. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राचे आकडे तसेच्या तसे वापरू नका.

सगळ्यात शेवटी, पण तिकीट काढण्याआधी, दोघांनी बसून एक तारीख ठरवा. जर्मन भाषेचा क्लास कधी सुरू करायचा, किटाचा अर्ज कधी टाकायचा आणि दुसरा पगार साधारण कोणत्या महिन्यापासून धरायचा. भाषेचा क्लास तर पुण्यातूनही सुरू करता येतो. ही तारीख ठरलेली असेल तर ८९ युरोंची शिल्लक वर्ष-दीड वर्ष निभावता येते. ती नसेल तर एक दिवस गृहकर्जाचा हप्ता भरायला पुण्यातली बचत मोडावी लागते, आणि ४८ लाखांचं पॅकेज असलेल्या घरात हे नातेवाईकांना सांगताही येत नाही.