हसायलाही परवानगी लागते काय?

लोह्यातल्या आमच्या वाचन गटात परवा बारावीच्या एका पोराने विचारलं, "दादा, एखादी हसवणारी कादंबरी सांगा ना." लगेच एक ज्येष्ठ कार्यकर्ते तडकले, "समाज जळतोय आणि तुला हसू सुचतंय?" पोरगं गप्प झालं. आम्ही गप्प बसणार नाही.

आपल्या चळवळीने हसणं कधी सोडलं होतं? जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं, तेव्हा भटजीचं पितळ उघडं पाडायला विदूषक उभा केला. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी लोकांना हसवत हसवतच शहाणं केलं. ज्याला आपण हसतो, त्याची भीती उरत नाही. प्रस्थापितांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच विनोदाचं दुकान त्यांनी आपल्या ताब्यात ठेवलं आणि आपली बोली, आपली आडनावं, आपलं आरक्षण चेष्टेला मांडलं.

तेव्हा मित्रा, जरूर वाच. फक्त विचारत जा, हा विनोद कुणावर आहे?

पहिली श्रीलाल शुक्लांची हिंदी 'राग दरबारी' (१९६८). कॉलेज, सोसायटी, पंचायत, सगळं एकाच वैद्यजींच्या मुठीत. लंगड लाच न देता तहसिलीतून नक्कल मागतो आणि खेटेच घालत राहतो. जातीच्या दाखल्यासाठी ज्याने चपला झिजवल्या, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी जॉर्ज शुयलर या काळ्या अमेरिकन लेखकाची 'ब्लॅक नो मोर' (१९३१). काळ्यांना गोरं करणारं यंत्र निघतं आणि वर्णश्रेष्ठत्वाचा डोलाराच कोसळतो. जन्माचा गर्व किती पोकळ असतो, ते बघ.

तिसरी मनु जोसेफ यांची 'सिरियस मेन' (२०१०). वरळीच्या बीडीडी चाळीतला दलित अय्यन मणी ब्राह्मण शास्त्रज्ञांच्या संस्थेत कारकुनी करतो आणि आपला मुलगा अलौकिक बुद्धीचा असल्याचा बनाव रचतो. इथे सावध राहा. शास्त्रज्ञांच्या अहंकाराची टर उडते तेव्हा मनसोक्त हस. पण दलित पोराची हुशारी म्हणजे बनावच, असं कुणी त्यातून काढू लागला तर त्याला तिथेच अडव.

शेवटच्या दोन इंग्रजीत आहेत. अडलं तर गटात बसून मिळून वाचू.

ज्येष्ठांना आमचं नम्र सांगणं, रडवणारी पुस्तकं आम्ही वाचलीत, पुढेही वाचू. पण ज्या पोराला व्यवस्थेवर हसता येतं, तो तिच्यापुढे मान झुकवत नाही.

जय भीम!