जाहिरातींची पाने का फाडली?

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनच्या परंपरेतल्या कथा-कवितांबद्दल आपण दरवर्षी कौतुकाने बोलतो. या सगळ्याचा खर्च ज्या जाहिरातींनी उचलला, त्यांच्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. कितीतरी ग्रंथालयांत जुने अंक बांधणीला गेले की ही पाने आधी काढली जात. गठ्ठा आटोपशीर होई, पण गावाचा बाजार त्याबरोबर रद्दीत जाई. सराफाची पेढी कोणत्या गल्लीत होती, फोटो स्टुडिओ कुठे होता, छत्री केवढ्याला मिळे, हे त्या पानांतच तर होते.

रद्दीतून वाचलेल्या अशा सुट्या कागदावर बहुधा साल नसते, पण ते काढता येते. किंमत आण्यांत असेल, तर कागद साधारण एप्रिल १९५७ च्या आधीचा. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधला. पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. एखाद्या सराफाने ‘१४ कॅरट’ असे ठळक छापलेले दिसले, तर जरा थांबावे. चीनशी झालेल्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले आणि १४ कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. बावीस कॅरटवर हात बसलेले कारागीर बेकार झाले. लग्नघरात त्या वर्षी काय बोलणी झाली असतील, याची कल्पना अधिसूचनेपेक्षा जाहिरातीतल्या त्या दोन ओळींवरून अधिक येते.

अर्थात जाहिरात म्हणजे साक्षीदार नव्हे. ती विकणाऱ्याच्या बाजूने बोलते. मुंबईच्या गिरण्यांच्या कापडाच्या जाहिरातींत साडी नेसलेली प्रसन्न बाई असते. ती साडी विणणारा मागवाला नसतो, त्याची रात्रपाळीही नसते. तो शोधायचा तर खानावळीचा मासिक हिशेब, युनियनची पावती, रेशनकार्ड, गावी पाठवलेल्या मनिऑर्डरीची पोच असे कागद हवेत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे बरीच माणसे कोकणात किंवा घाटावर परतली. असे कागद गिरणगावापेक्षा तिकडच्या पत्र्याच्या ट्रंकांतच सापडण्याचा संभव अधिक. इतिहास मंडळांनी मोडी दफ्तरांसाठी वाडे पालथे घातले. तेवढ्याच चिकाटीने या ट्रंका अजून कुणी उघडलेल्या नाहीत.

आता जुने अंक स्कॅन होत आहेत आणि तिथेही ‘मजकूर तेवढा घ्या’ ही सवय डोकावते. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाला अट घालावी: मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, दंतमंजन आणि केशतेलासकट, एकही पान गाळायचे नाही. ट्रंकेतल्या कागदांत फोटो असेल तर त्याची मागची बाजूही घ्यावी, कारण स्टुडिओचा शिक्का तिथे असतो.