जात इथं चालते, दाखला चालत नाही

दोस्तांनो, या देशात जातीला डोमिसाईल लागत नाही. निपाणीचा महार कागल ओलांडून कोल्हापुरात आला म्हणून कोणी त्याला पाटील म्हणत नाही. खोली बघायला गेला की आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की खोली आधीच गेलेली असते. तिथं कर्नाटकातली जात महाराष्ट्रात बरोबर चालते. पण हाच पोरगा कॉलेजच्या खिडकीवर राखीव जागा मागायला उभा राहिला की क्लार्क म्हणतो, दाखला कर्नाटकचा आहे, ओपनमधून भर.

म्हणजे शिवी अखिल भारतीय, आणि हक्क तेवढा राज्यापुरता!

हे क्लार्कच्या डोक्यातून निघालेलं नाही. घटनेच्या कलम ३४१ प्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक ठरते. १९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा पोरगा, बाप नोकरीला मुंबईत आला, तरी त्याला महाराष्ट्रात मेडिकलची राखीव जागा नाही. कारण एका राज्यातलं मागासपण दुसऱ्या राज्यात तसंच असेल असं नाही. ठीक आहे. पण निपाणी ते कागल या एवढ्या वाटेत कुठलं मागासपण बदलतं? महार दोन्ही राज्यांच्या यादीत आहे. बोली तीच, सोयरे तेच, गावकुसाबाहेरची वस्ती तीच.

आणि सरहद्द ओलांडली तरी कोणी? महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. त्या दिवशी निपाणी मुंबई राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ती म्हैसूर राज्यात घातली. आजा जागचा हलला नाय, सरहद्दच त्याच्या अंगावरून गेली.

पुढाऱ्यांना ८६५ गावं पाहिजेत. त्यासाठी २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला. सीमाभागातल्या पोरांना महाराष्ट्रात प्रवेशाची वाट ठेवली, तिथं मातृभाषा विचारतात. राखीव जागेला मात्र महाराष्ट्राचाच दाखला. गाव पाहिजे, गावकुसाबाहेरचा नको!

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची तीच गत. योजना केंद्राची, देणार मूळ राज्य. पोरगं शिकतं कोल्हापुरात, अर्ज कर्नाटकात. कॉलेजला फी आज पाहिजे. हेलपाटे घालणाऱ्या बापाचा रोज बुडतो. रोज बुडणं म्हणजे काय ते आम्हा गोदीवाल्यांना विचारा. गोदीत टोळी लावताना मुकादम कुणाचं डोमिसाईल बघत नाही. घाम काढायला अख्खा भारत एक!

बाबासाहेब जन्मले महूला, मूळ गाव रत्नागिरीतलं, शिकले मुंबईत. १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या पैशावर, महिना साडेअकरा पौंड. सयाजीरावांच्या कचेरीनं डोमिसाईल मागितलं असतं तर? आणि १९१७ साली त्याच बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा राहायला खोली मिळाली नाही. विटाळानं तेव्हाही संस्थानची हद्द पाळली नव्हती.

आपल्यातलेच काही म्हणतील, बाहेरच्यांनी आपल्या जागा खाल्ल्या तर? अरे, भाकरीचा तुकडा ज्यानं एवढासा ठेवला त्याला सोडून शेजाऱ्याच्या ताटात काय बघता? आपली मागणी सरळ आहे. सीमाभागातल्या दलित पोरांना इथल्या जागा न कापता वाढीव जागा द्या. फीची सवलत प्रवेशाच्या दिवशीच द्या. अर्ज एकच, कॉलेजात. पैशाचा हिशेब दोन सरकारं आपसात करतील, पोराला मध्ये भरडू नका.

अपमान दाखला न दाखवता नाका ओलांडतो. मग हक्कालाच का अडवता? उघडा नाका!

जय भीम.