सर्व्हर सुरू झाला. पण नोंदी बरोबर आहेत का?

२३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी दिल्लीच्या ‘एम्स’मधील संगणक यंत्रणा कोलमडली. केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, बिले, पुढच्या तारखा असे सारे काही अडले. रॅन्समवेअर म्हणजे खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरचा हा हल्ला होता. त्यात पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती अडकली, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. जवळपास दोन आठवडे ओपीडीपासून प्रयोगशाळेपर्यंतचा कारभार कागदावर चालला.

सुदैवाने ‘ई-हॉस्पिटल’च्या माहितीची एक प्रत हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवर होती. तिच्या आधारे आठवडाभरात माहिती नव्या सर्व्हरवर परत आणली गेली. तरीही सेवा लगेच सुरू झाल्या नाहीत, कारण आधी संपूर्ण नेटवर्क निर्जंतुक करायचे होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा उशीर ढिलाई वाटतो. पण घाण भरलेली जखम आधी धुतात, मगच टाके घालतात. घाईने टाके घातले तर आत पू होतो. संसर्ग शिल्लक असलेल्या नेटवर्कवर बॅकअप जोडला, तर शेवटची चांगली प्रतही हातची जाते.

आयर्लंडचा अनुभवही हेच सांगतो. १४ मे २०२१ रोजी तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेवर असाच हल्ला झाला. आठवडाभरात हल्लेखोरांनी कुलूप उघडण्याची किल्ली फुकट दिली. तरी सर्व सर्व्हर पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला. खंडणी भरली की प्रश्न मिटला, या समजुतीत तथ्य नाही.

प्रत्येक बिघाडामागे हल्लाच असतो असे नाही. आपल्याकडे वीज जाणे, एसी बंद पडणे, डिस्क जुनी होणे ही कारणे पुरेशी असतात. अशा वेळी सर्व्हर पुन्हा पुन्हा चालू-बंद करणे हा सर्वांत घातक उपाय. बिघडलेली डिस्क प्रत्येक प्रयत्नात आणखी झिजते आणि तिच्यावर काही नवे लिहिले गेले, तर जुने कायमचे पुसले जाते. आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढावी आणि सारे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. एकाच सर्व्हरमधल्या दोन डिस्कवर माहिती असणे म्हणजे बॅकअप नव्हे. आग, पाणी किंवा हल्ला दोन्ही एकदमच नेतो. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक इमारतीबाहेर, हा साधा नियम त्यासाठीच आहे. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असेल तर उत्तम.

खरा धोका मात्र यंत्रणा सुरू झाल्यावर असतो आणि त्याची चर्चा क्वचितच होते. बॅकअप आदल्या रात्रीचा असेल, तर त्यानंतर बदललेला औषधाचा डोस त्यात नसतो. बंदच्या काळात कागदावर भरती झालेल्या रुग्णाला नंतर दुसरा नोंदणी क्रमांक मिळतो आणि त्याची पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी जुन्याच क्रमांकावर राहते. सारख्या नावाच्या दोघांचे अहवाल एकमेकांत मिसळू शकतात. पडद्यावर दिसते म्हणून ते खरे मानणारा निवासी डॉक्टर किंवा सिस्टर यात दोषी नसते. दोष पडताळणी न करणाऱ्या व्यवस्थेचा असतो. म्हणून रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधे आणि नियोजित शस्त्रक्रिया या नोंदी कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय यंत्रणा ‘पूर्ववत’ झाली असे जाहीर करू नये. रक्त चढवण्यापूर्वी तर नमुना नव्याने तपासलाच पाहिजे.

रुग्णालयांत आगीची रंगीत तालीम होते. तशी सर्व्हर बंद पडल्याची तालीमही वर्षातून किमान दोनदा व्हावी. छापील कोरे फॉर्म प्रत्येक वॉर्डात असावेत. बॅकअप घेतला जातो का, एवढे विचारून भागणार नाही. त्यातून माहिती शेवटची कधी परत काढून पाहिली, हे अधीक्षकांनी विचारायला हवे. संगणक खरेदीला निधी मिळतो. देखभालीच्या माणसाला तो मिळत नाही, हे चित्र बदलले पाहिजे.

तोवर रुग्णांनी आपले डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी आणि जुने अहवाल एका फाइलमध्ये जपून ठेवावेत. सर्व्हर बंद पडेल त्या दिवशी डॉक्टरला तीच फाइल उपयोगी पडेल.