कुलूप भाडं देत नाही

आपल्याकडे दुसरं घर घेणारे पुष्कळ, पण ते भाड्याने द्यायचं म्हटलं की हात आखडतो. ‘भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही’ ही धास्ती आजोबांपासून चालत आलेली. तिला कारणही होतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. दुरुस्ती मालकांना परवडेना, चाळी मोडकळीला आल्या. मात्र ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असेल, तर मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याची वाट त्यात आहे. तरीही २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी आढळली!

बँकेत उमेद गेल्यामुळे मी आधी हिशेब मांडतो. समजा, पिंपरी-चिंचवडमध्ये २५ लाखांची लहानशी सदनिका आहे, भाडं ८ हजार. वर्षाचे ९६ हजार झाले. सोसायटीची वर्गणी, घरपट्टी, रंगरंगोटी, महिनाभराचा खंड वजा जाता ७० हजार उरले, तर ते तीन टक्केही नाहीत. मुदत ठेव याहून अधिक देते. तेव्हा भाड्यातून कर्जाचे हप्ते फिटतील, या भ्रमात कुणी राहू नये.

पण घर घेतलेलंच असेल, तर बंद ठेवून काय मिळतं? वर्गणी भरावी लागते ती लागतेच. आणि तेवढ्याच भाड्याचं घर एखादी परिचारिका, एखादा फिटर गावभर शोधत असतो. करार नोंदवा, गळका नळ वेळेवर दुरुस्त करा आणि किल्ली त्यांच्या हाती द्या.