ऐच्छिक काय आणि अनिवार्य काय

पायथन या संगणकभाषेत चलाचा प्रकार आधी जाहीर करावा लागत नाही. एकाच नावाखाली आता संख्या ठेवावी, पुढच्या ओळीत मजकूर; भाषा हरकत घेत नाही. या भाषेत प्रकार-सूचना लिहिण्याची प्रमाणित सोय २०१५ साली, ३.५ या आवृत्तीत आली. तेव्हापासून दोन पक्ष भांडत आहेत. एकाच्या मते मोकळ्या भाषेच्या पायात बेडी पडली. दुसऱ्याच्या मते तिला उशिरा का होईना शिस्त लागली. आमच्या मते दोघांचाही मुद्दा चुकला आहे.

बेडीचा आक्षेप टिकणारा नाही. हा प्रस्ताव मांडणाऱ्यांत भाषेचे कर्ते गिडो व्हॅन रॉसम स्वतः होते. सूचना सक्तीच्या करण्याचा, अगदी संकेत म्हणूनही, आपला मानस नाही, असे त्या ४८४ क्रमांकाच्या प्रस्तावातच नोंदवले आहे. एखाद्या कार्यालयाने सक्ती केली, तर तो त्या कार्यालयाचा नियम, भाषेचा नव्हे.

शिस्तीचा दावा मात्र अधिक फसवा आहे. पायथन आज्ञावली चालवताना या सूचना पडताळून पाहतच नाही. संख्येची दुप्पट करणारे साधे फंक्शन घ्या. 'येथे पूर्णांक येईल' अशी सूचना त्यात लिहा आणि त्याला अवतरणचिन्हांतला ५, म्हणजे संख्या नव्हे तर मजकूर, द्या. विनातक्रार उत्तर येते: ५५. मजकुराला दोनाने गुणले की तो दोनदा लिहिला जातो. सूचना जागच्या जागीच असते, पण खोटी ठरलेली. ती पडताळायची तर मायपायसारखे वेगळे साधन मुद्दाम चालवावे लागते.

मग सूचना मुख्यतः कोणासाठी? वाचणाऱ्यासाठी. संपादित संहितेतील तळटिपेशी तिचे नाते आहे. टीप न देणे हा संपादकाचा अधिकार. चुकीची देणे हा नव्हे. टीप नसेल तर वाचक सावध राहतो, स्वतः शोध घेतो. खोटी टीप त्याला त्याच्या विश्वासामुळेच फसवते. आज्ञावली बदलली आणि सूचना जुनीच राहिली, की नेमके हेच घडते.

'मग एवढा व्याप हवाच कशाला?' असे कोणी म्हणेल. दहा ओळींच्या आज्ञावलीला नकोच. पण ड्रॉपबॉक्सने २०१९ साली आपल्या पायथनमधील ४० लाख ओळी मायपायच्या तपासणीखाली आणल्याचे जाहीर केले. ते काम टप्प्याटप्प्याने झाले. सर्वत्र एकदम सक्ती असती, तर इतक्या जुन्या लेखनाला हात घालणेच अवघड झाले असते. ऐच्छिकतेचे खरे मोल येथे आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: लिहावे की न लिहावे, हे ऐच्छिक असू द्या, लिहिलेले खरे असणे ऐच्छिक नाही. शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी सूचना शिकवू नयेत. ज्या दिवशी शिकवतील, त्याच दिवशी पडताळणीही शिकवावी.